उतारावर लावलेली गाडी सकाळी चार बोटं सरकलेली का सापडते?

माझी सासुरवाडी साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या उताराला. वरच्या रस्त्यावरून किल्ल्याच्या अंगाला ज्या गल्ल्या चढत जातात, त्यांतली एक. घरासमोर गाडी लावायला जागा आहे, फक्त ती सपाट नाही. दोन वर्षं प्रत्येक सुट्टीत एकच रडगाणं होतं. रात्री तोंड चढाकडे करून, हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून लावलेली गाडी सकाळी मागे आलेली असायची. कधी चार-पाच बोटं, कधी वीतभर. एकदा तर मागचा बंपर शेजाऱ्यांच्या ओट्याला टेकला होता. "जावईबापू, तुमची गाडी रात्रीची पाय मोकळे करून येते बरं का," हा सासऱ्यांचा ठरलेला विनोद, चहाबरोबर.

गाडी दहा वर्षांची, छोटी, तीन सिलिंडरची पेट्रोल. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. तीनदा गॅरेजला दाखवली, तिन्ही वेळा "हँडब्रेकची केबल सैल झालीय" म्हणून ताणून दिली, आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी कारण सापडलं. ते भलतंच होतं, आणि इतके दिवस सापडलं नाही यात थोडा दोष माझ्या गाडी लावण्याच्या सवयीचाही होता. उतारावर राहणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

आधी एक खडू घ्या

गाडी सरकते म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी पाहा. रात्री गाडी लावली की टायर जमिनीला जिथे टेकतो तिथे रस्त्यावर खडूने रेघ मारा, आणि तीच रेघ टायरवरही थोडी चढवा. पुढचं एक चाक आणि मागचं एक चाक, दोन्हींना. सकाळी बघा. टायरवरची रेघ फिरून जमिनीपासून वर गेली असेल तर चाक फिरलंय, म्हणजे ब्रेक आणि गिअर दोन्ही हरले. टायरवरची रेघ जमिनीलाच टेकलेली आहे पण रस्त्यावरच्या रेघेपासून लांब गेलीय, तर चाक फिरलंच नाही, अख्खी गाडी घसरली. पावसाळ्यात शेवाळलेल्या काँक्रीटवर किंवा ओल्या मुरमावर असं होतं. तिथे ब्रेकवर खर्च करून काही उपयोग नाही. जागा बदला, नाहीतर शेवाळ घासून काढा.

माझी रेघ फिरलेली होती.

गाडी लावून पाय काढल्याबरोबर ती दोन-चार सेंटीमीटर हलून थांबत असेल, तर त्याने घाबरू नका. गिअरच्या दातांमधली, जोडांमधली ढिलाई भरून निघते तेवढीच. काळजी करायची ती रात्रीतून होणाऱ्या हालचालीची.

चार बोटांचं गणित

माझी गाडी कधीच दोन बोटं सरकली नाही. एकतर जागची हलायची नाही, नाहीतर सरळ चार-पाच बोटं, नाहीतर त्याच्या दुप्पट-तिप्पट. हे कोडं बरेच दिवस सुटत नव्हतं.

इंजिन बंद करून गिअर टाकला की गाडी इंजिनाला बांधली जाते. चाक फिरायचं तर इंजिन फिरायला हवं, आणि इंजिन फिरायचं तर कुठल्यातरी सिलिंडरमधली कोंडलेली हवा दाबली जायला हवी. ती हवा गाडीला अडवते. छोट्या पेट्रोल गाडीत पहिल्या गिअरमध्ये चाकाचा एक फेरा व्हायला इंजिनाला साधारण १४ फेरे मारावे लागतात, पाचव्यात तीनच्या आसपास. म्हणून पार्किंगला पहिला किंवा रिव्हर्स. घाईत तिसरा-चौथा पडला तर तो जवळजवळ न टाकल्यासारखाच.

पण कोंडलेली हवा कायमची कोंडून राहत नाही. पिस्टनच्या (सिलिंडरमध्ये वरखाली होणाऱ्या दट्ट्याच्या) रिंगांजवळून, व्हॉल्व्हच्या कडेने ती हळूहळू निसटते. निसटली की पिस्टन वरचा टप्पा ओलांडतो, गाडी एक पाऊल सरकते आणि पुढच्या सिलिंडरच्या हवेवर जाऊन थांबते. तीन सिलिंडरच्या इंजिनात असा टप्पा दर दोन-तृतीयांश फेऱ्याला येतो. माझ्या चाकाचा घेर सुमारे १८० सेंटीमीटर. त्याला १४ ने भागा आणि दोन-तृतीयांश घ्या, साडेआठ सेंटीमीटर येतात. चार-पाच बोटं! म्हणजे गाडी रात्रभर एकेक सिलिंडर हरत खाली येत होती.

याचा अर्थ असा की रात्री गाडी शेवटी गिअरच्याच भरवशावर उभी होती. हँडब्रेक ओढलेला होता, पण तो पुरेसं धरत नव्हता. आणि गिअर टाकलेला असल्यामुळे ते मला कधी कळलंच नाही.

सवयीचा दोष म्हणालो तो हाच. बहुतेक जण असंच करतात: ब्रेकवर पाय, गिअर टाकला, इंजिन बंद, हँडब्रेक खस्सकन ओढला, पाय काढला. गाडी किंचित मागे येऊन गिअरवर बसते. ती हँडब्रेकने थांबली की गिअरने, कुणाला माहीत.

लावायचा क्रम असा ठेवा. ब्रेक दाबून गाडी थांबवा. गिअर न्यूट्रल. हँडब्रेक पूर्ण ओढा. मग इंजिन चालू असतानाच ब्रेकवरचा पाय हळू हळू सैल करा आणि तीन-चार सेकंद नुसतं बसा. सगळा भार हँडब्रेकवर येऊ द्या. हलली नाही तर हँडब्रेक ठीक. मग क्लच दाबून गिअर टाका, इंजिन बंद करा. हलली तर पुन्हा ब्रेक दाबा. दोष तिथल्या तिथे सापडला. रोज गाडी लावताना रोज तपासणी होते, वेगळा वेळ लागत नाही.

तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. दोन्हींचा जोर जवळपास सारखाच, पण सकाळी कुणी विसरून क्लच न दाबता चावी फिरवली, तर गाडी उडी मारेल ती चढाच्या दिशेने. खिडकीतून हात घालून बाहेरूनच गाडी चालू करण्याची सवय असलेल्यांसाठी हे मुद्दाम. खरं तर ती सवयच सोडा.

हँडब्रेकने किती धरायचं असतं

आमच्या गल्लीचा उतार मी मोजला. एक मीटरची फळी, गवंड्याकडून मागून आणलेली पाणसळ आणि टेप. फळी आडवी सपाट धरली तर खालच्या टोकाशी १४ सेंटीमीटर फट. म्हणजे सात फुटांना एक फूट. गाडीचं वजन ९०० किलो धरलं तर खाली ओढणारा जोर भरतो साधारण १२५ किलोचा. चार माणसं आणि सामान भरून आलात तर १६०-१७०. हा सगळा भार छोट्या गाडीत मागच्या दोन चाकांनी धरायचा, कारण बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागे असतो.

लिव्हर ओढताना किती वेळा 'कट्' वाजतं ते मोजा. किती वाजायला हवं ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. छोट्या गाड्यांत बहुधा पाच ते नऊच्या मधे. माझी दहा-अकरावर जायची, केबल ताणली की सहावर यायची, महिन्याने पुन्हा दहा.

इथेच पाणी मुरत होतं. लिव्हरखालचा नट फिरवून केबल ताणणं दहा मिनिटांचं काम, गाडी उचलावीसुद्धा लागत नाही. म्हणून सगळे तेच करतात. पण लिव्हर वर जाऊ लागली याचा पहिला संशय ड्रमच्या आतल्या लायनरवर, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांवर, घ्यायला हवा. लायनर झिजले की ड्रम आणि लायनरमधली फट वाढते. ती आपोआप भरून काढणारा एक ॲडजस्टर आत असतो. लायनरच्या भुकटीने, गंजाने तो जाम झाला की फट वाढत जाते, आणि आपण ती बाहेरून केबल ताणून झाकतो. जास्त ताणली तर लायनर सतत घासायला लागतात, ॲडजस्टरलाही काम करता येत नाही, चाक गरम होतं, ॲव्हरेज पडतं, आणि लायनर आणखी लवकर संपतात.

चौथ्यांदा मी दुसरीकडे गेलो. छोटं गॅरेज, एक वयस्कर मिस्त्री. त्यांनी लिव्हरला हातच लावला नाही. मागची दोन्ही चाकं उचलली, मला आत बसवून "एक एक कट् ओढा" म्हणाले आणि स्वतः हाताने चाक फिरवत राहिले. पाचव्या कट्‌ला उजवं चाक घट्ट झालं. डावं आठव्यालाही गरागरा फिरत होतं. डावा ड्रम उघडला तर आत काळा ओला चिखल. व्हील सिलिंडरचं (पायाचा ब्रेक दाबला की लायनर ड्रमकडे ढकलणारा भाग) रबर गेलेलं, ब्रेक ऑइल झिरपून लायनर तेलात भिजलेले. तेलकट लायनर ड्रमला कितीही दाबा, तो धरणार कसा? एवढे महिने एकटं उजवं चाक अख्खी गाडी पेलत होतं आणि ते दमलं की बाकीचं इंजिन. पायाच्या ब्रेकलाही हेच लायनर, हे डोक्यात आलं तेव्हा मला घाम फुटला. त्या आधीच्या आठवड्यात आम्ही यवतेश्वरचा घाट उतरून आलो होतो.

व्हील सिलिंडर नवा, लायनर दोन्ही चाकांचे नवे (एकाच बाजूचे बदलायचे नसतात), दोन्ही ॲडजस्टर साफ, ब्रेकमधली हवा काढली. केबलचा नट सगळ्यात शेवटी, तोही सैल केला. तुमचा मिस्त्री ड्रम न उघडता केबल ताणायला निघाला तर त्याला थांबवा, एवढंच या सगळ्या प्रकरणातून माझं मत बनलंय.

दोन्ही बाजूंचे लायनर कोरडे निघाले, तर केबल बघायची. नळीच्या आत गंजून अडकलेली केबल अर्धी ओढ वाटेतच खाऊन टाकते. ओढताना ती जड लागते आणि सोडल्यावर मागे यायला आळस करते. ती बदलायचीच, तेल सोडून भागत नाही.

घाट उतरून आलात तर

चारही चाकांना डिस्क असलेल्या गाड्यांचा एक वेगळाच प्रकार आहे. लांब घाट ब्रेकवर उतरला की डिस्क आणि तिला दोन्हीकडून दाबणारे पॅड तापून किंचित फुगतात. तशात हँडब्रेक ओढून गाडी उतारावर लावली की त्या क्षणी पकड उत्तम असते. मग अर्ध्या तासात सगळं थंड होतं, आकसतं आणि पकड सैल पडते. गाडी लावल्यावर नाही, तुम्ही हॉटेलात मिसळ मागवल्यावर निघते. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईत उतरून आलेल्या एका मित्राचं नेमकं हेच झालं. गाडी गिअरमध्ये नव्हती आणि पुढे हातगाडी होती. नशिबाने रिकामी.

उपाय साधे. घाट खालच्या गिअरमध्ये उतरा म्हणजे ब्रेक मुळात तापणार नाहीत. उतारावर लावताना गिअर टाकाच. आणि पंधरा-वीस मिनिटांनी जाऊन लिव्हर आणखी एक कट् ओढून या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते. ड्रमचं उलटं असतं: तापलेला ड्रम थंड होताना लायनरवर आवळतो, म्हणून पकड सुटत नाही, सकाळी हँडब्रेक सोडल्यावर चाक चिकटल्यासारखं वाटेल, इतकंच.

पावसाळ्यात मात्र हे चिकटणं खरंच होतं. कोकणात, महाबळेश्वरात चार-पाच दिवस भर पावसात हँडब्रेक ओढून गाडी उभी ठेवली की लायनर गंजून ड्रमला धरतात. निघताना मागची चाकं फिरतच नाहीत. जबरदस्तीने रेस करू नका. पहिला-रिव्हर्स असं हळूच मागेपुढे करा. बहुतेक वेळा 'टक्' आवाज होऊन सुटतात. इतके दिवस गाडी ठेवायचीच असेल तर सपाट जागा शोधा, गिअर टाका, चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा आणि हँडब्रेक मोकळा ठेवा. उतारावर हा सल्ला लागू नाही, हे सांगायला हवंच.

ऑटोमॅटिकवाल्यांचं दुखणं

त्यांची गाडी सहसा सरकत नाही. त्यांची तक्रार वेगळी असते: उतारावरून निघताना लिव्हर 'पी'तून निघत नाही, जोर लावला की 'खाड्' आवाज होऊन अख्खी गाडी हादरते. 'पी' म्हणजे गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकात अडकणारा एक लोखंडी खटका. हँडब्रेकच्या आधी 'पी' टाकून पाय काढला की सगळी गाडी त्या बोटाएवढ्या खटक्यावर लटकते. क्रम तोच, वर सांगितलेला: ब्रेक दाबून 'एन', हँडब्रेक, पाय सैल करून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, पुन्हा ब्रेक दाबून 'पी'. निघताना आधी 'पी'तून 'डी'त या आणि मग हँडब्रेक सोडा.

एएमटी म्हणजे 'पी' नसलेली ऑटोमॅटिक, आणि शेजारच्या काकूंना हेच कुणी सांगितलं नव्हतं. त्या न्यूट्रलला आणून इंजिन बंद करत. एएमटीला आत नेहमीचाच गिअरबॉक्स असतो, त्यामुळे चढाकडे तोंड असेल तर 'डी'त, उताराकडे असेल तर 'आर'मध्ये असताना इंजिन बंद करायचं. गिअर तसाच पडून राहतो. इलेक्ट्रिक गाडीत हवा कोंडणारं इंजिनच नाही, तिथे 'पी' आणि हँडब्रेक एवढ्यावरच भरवसा. हिल होल्ड नावाची सोय चढावर निघताना दोन-तीन सेकंद ब्रेक धरून ठेवते. ती पार्किंगसाठी नाही.

स्टिअरिंग कुठे वळवायचं

विचार एवढाच करायचा: सगळे आधार सुटले तर गाडी कशाला जाऊन टेकावी? त्या दिशेने ती जाईल असं चाक वळवायचं. रस्त्याच्या डाव्या कडेला उंच कठडा असेल आणि तोंड उताराकडे, तर चाक कठड्याकडे, डावीकडे. तोंड चढाकडे असेल तर उजवीकडे, म्हणजे गाडी मागे येताच पुढच्या टायरची मागची बाजू कठड्याला टेकते. कठडा नसेल तर दोन्ही वेळा डावीकडे. गाडी रस्त्यात न येता कडेला जाते.

घाटात हा शेवटचा नियम डोळे झाकून पाळू नका. डावीकडे दरी असेल तर कडेला जाणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. घाटात डोंगराच्या बाजूलाच थांबा आणि चाक डोंगराकडच्या गटाराकडे वळवा. गाडी गटारात गेली तर शे-दोनशे रुपयांत चार पोरं उचलून देतात. वळणावर आणि चढाच्या माथ्यावर गाडी उभी करायला तर नियमानेच मनाई आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १२६ आणखी पुढे जातं: चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा किंवा गाडी आपोआप चालू लागणार नाही असा बंदोबस्त केलेला हवा. तेव्हा "सर, ती आपोआप गेली" ही सबब चालण्यासारखी नाही.

चाक वळवायचं ते गाडी थांबता थांबता, शेवटच्या हातभर अंतरात. उभ्या गाडीचं स्टिअरिंग पिळू नका.

आणि तो दगड

ट्रकचा क्लीनर गाडी थांबायच्या आत ठोकळा घेऊन उडी मारतो, ते उगाच नाही. पण कुठलाही गोटा उपयोगाचा नाही. गोल दगडावरून चाक चढून जातं, किंवा दगडच घरंगळतो. मी सुताराकडून जुन्या सागवानी चौकटीचे दोन तिरपे ठोकळे कापून घेतले, विटेएवढ्या उंचीचे. उताराच्या बाजूला, टायरला घट्ट भिडवून लावायचे. प्रत्येकाला भोक पाडून हातभर दोरी बांधलीय. निघताना गाडी चालू करून बोटभर चढाकडे घेतो, मग सासरे बाजूला उभे राहून दोरीने ठोकळा ओढतात. चाकाखाली हात घालायचा नाही, गाडीच्या खालच्या अंगाला उभं राहायचं नाही. आणि काम झालं की उचलून डिकीत. रस्त्यात सोडलेल्या दगडावर रात्री दुचाकीवाला पडतो.

गाडी निघालीच, तर तिला हाताने अडवायला पुढे जाऊ नका. वरचा १२५ किलोचा आकडा आठवा. तो उभ्या गाडीचा आहे. ओरडा, लोकांना बाजूला करा, गाडीला आपटू द्या. आणि उतारावर लावलेल्या गाडीत लहान मुलांना खेळायला सोडू नका. हँडब्रेकचं बटण त्यांना फार आवडतं.

ड्रमचं काम होऊन आता आठ महिने झाले. लिव्हर सहा कट्‌वर आहे. गेल्या गणपतीत पाच रात्री खडूच्या रेघा मारल्या, एकही हलली नाही. सासऱ्यांचा अजून विश्वास नाही. त्यांनी ठोकळ्यांना पिवळा रंग दिलाय आणि रात्री झोपायच्या आधी बॅटरी घेऊन एकदा पायाने दाबून बघून येतात.